परिषदेला पेपर पाठवण्याआधी

सर्व सदस्यांना नमस्कार,

'आपले संशोधन वाचून प्रभावित झालो, प्रमुख वक्ते म्हणून यावे' अशा परिषदांच्या ईमेल सध्या बऱ्याच जणांना येत आहेत, आणि त्यांतल्या काही परिषदा खोट्या असू शकतात. नोंदणी शुल्क भरण्याआधी जरा थांबा.

पहिल्यांदा समितीची यादी बघा. नावे मोठी असतील, पण काही वेळा ती त्या प्राध्यापकांना न विचारताच छापलेली असतात. शंका आली तर त्यांनाच दोन ओळींची ईमेल करा, संकोच नको. मागच्या वर्षांचे शोधनिबंध कुठे वाचायला मिळतात का? 'स्कोपस-अनुक्रमित' (म्हणजे स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीसंचात नोंदलेले) असे कोणीही लिहू शकते. स्कोपसच्या यादीत स्वतः शोधा. एकाच परिषदेत दंतवैद्यक आणि पूलबांधणी दोन्ही असेल तर सरळ सोडून द्या.

दोन दिवसांत स्वीकृती आली म्हणून पेढे वाटू नका. २००५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी संगणकाकडून तयार करवलेला निव्वळ निरर्थक पेपरही एका परिषदेने स्वीकारला होता!

परिषद खरी असली तरी आपल्या उपयोगाची असेलच असे नाही. ज्यांचे लेखन आपण वाचतो, त्यांतले कोणी तिथे जाते का, हे मार्गदर्शकांना विचारा.

संशयास्पद निमंत्रणे गटात टाका. पैसे भरण्याआधी, नंतर नव्हे.