विहिरींचं गणित दर वेळी पाटी पुसून मांडायचं का?

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी मोजतात. अनेक दशकांच्या या नोंदी म्हणजे खजिना आहे. त्यांवरून येत्या मे महिन्याचा अंदाज बांधायचा तर भूजलाचं मॉडेल, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचं संगणकावर मांडलेलं गणित लागतं आणि त्यासाठी जगभर ‘मॉडफ्लो’ वापरतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं हे १९८४ चं सॉफ्टवेअर. प्रोग्रामची भाषा फोरट्रान, कोड सगळ्यांना खुला.

सुरुवातीला त्यात एक खोड होती. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून हिशेब करतं; त्यातला एखादा चौकोन कोरडा पडला की तो हिशेबातून बादच व्हायचा. वर कितीही पाऊस पडो, त्यात पाणी परत चढत नसे. आपल्याकडे मुरमाचा पातळ थर दर उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणजे निम्मा तालुकाच बाद! ती खोड टप्प्याटप्प्याने गेली. २०१७ मध्ये ‘मॉडफ्लो ६’ नव्याने लिहिलं गेलं. पुढे नेदरलँड्सच्या डेल्टारेस संस्थेच्या साथीने ते एकाच वेळी अनेक प्रोसेसरवर चालू लागलं. ज्यांनी कोड स्वतः सुधारला, त्यांच्या गरजा आधी भागल्या.

आपलं दुखणं वेगळं आहे. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहतं. धुळे-नंदुरबारकडे डाइक, म्हणजे जमिनीत उभ्या घुसलेल्या खडकाच्या भिंती, कुठे ते अडवतात, कुठे वाट देतात. आपली वीस-पंचवीस फूट व्यासाची विहीर तर स्वतःच एक टाकी. हे मांडायच्या काही सोयी मॉडफ्लोमध्ये आहेत. पण त्या आपल्या विहिरींवर पारखून, सुधारलेला कोड मूळ प्रकल्पाला परत देणार कोण?

मी एकदा एका तालुक्याचं मॉडेल मागितलं. हाती आला जाडजूड अहवाल आणि रंगीत नकाशे. फाइली सल्लागाराकडे आणि त्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलेलं. विद्यापीठांतही वेगळं नाही: पीएचडी झाली की कोड पेनड्राइव्हमध्ये.

म्हणून मागणी अशी. यंत्रणेचे भूवैज्ञानिक, विद्यापीठांचे भूशास्त्र विभाग आणि दोन पूर्णवेळ प्रोग्रामर यांना पाच वर्षं एकत्र बसवा. प्रोग्रामरचा पगार प्रकल्पाच्या ‘किरकोळ खर्चा’त टाकू नका. यापुढच्या प्रत्येक कंत्राटात मॉडेलच्या फाइली सरकारजमा करण्याची अट घाला. सुरुवातीला डाइकचा एकच पाणलोट पुरे; तिथल्या मोजणीच्या नोंदी तेवढ्या सर्वांसाठी खुल्या करा.

आपला,
एक भूजल अभ्यासक