'पेन' म्हणजे पेन नव्हे, हे कुणी सांगायचं? शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

स. न. वि. वि.

पर्वतीच्या पायथ्याशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स आता पाटीपुरतं, खरा धंदा ऑनलाइन फॉर्मचा. जून उजाडला की माझ्या काउंटरवर कागदांपेक्षा मोबाइल जास्त येतात. शाळेच्या ग्रुपवर आलेला मेसेज पुढे धरायचा आणि विचारायचं, "ताई, हे काय मागतायत?"

गेल्या जूनमध्ये एक रिक्षावाले दादा आले. मुलीची शाळा बदलायची होती. नव्या शाळेत सांगितलं, दाखला, आधार आणि पेन घेऊन या. त्यांनी तिन्ही नेलं. पेन निळ्या शाईचं, नवं कोरं. तिथे कळलं की पेन म्हणजे मुलीचा ११ आकडी कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक, तो जुन्या शाळेकडून आणायचा. माझ्याकडे आले तेव्हा ते पेन शर्टाच्या खिशालाच होतं. "आपण काय फार शिकलेलो नाय, पण पेन म्हणजे पेन एवढं तर कळतं ना?" ते हसले, मीही हसले. अर्ध्या दिवसाचा धंदा मात्र बुडाला तो बुडालाच.

साहेब, तुमच्या खात्यातली नावं ओळीने वाचून बघा. सरल, पवित्र, दीक्षा, निष्ठा, निपुण, परख, उल्लास, अपार. एखाद्या सप्ताहाची पत्रिका वाटते. बहुतेक इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेली. नाव देशी झालं, अर्थ इंग्रजीतच राहिला. यातली पवित्र शिक्षकभरतीसाठी, निष्ठा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी, उल्लास मोठ्यांच्या साक्षरतेसाठी. पालकाचा त्यांच्याशी संबंध नाही, तरी ग्रुपवर सगळंच येऊन पडतं. शाळेतल्या बाईंना दोष देत नाही. वरून आलेलं पुढे ढकलायला त्यांना कसाबसा वेळ मिळतो.

सगळ्यात जास्त घोळ 'आरटीई' या शब्दाचा आहे. आमच्याकडे आरटीई म्हणजे खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागा, एवढाच अर्थ उरलाय. "तुमचा आरटीई लागला का?" असं विचारतात. सोडतीत नंबर लागला तो सुटला, राहिला तो म्हणतो, "आमच्या नशिबात आरटीई नव्हता." अहो, तो शिक्षणाच्या हक्काचा कायदा आहे! २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, प्रवेशाला देणगी नाही, मुलाची किंवा आईबापाची मुलाखत नाही, हे सगळं त्याच कायद्यात आहे. २५ टक्के हे त्यातलं एक कलम. पण मनपाच्या शाळेत मूल असलेली आई समजते की हा कायदा आपला नव्हेच. हक्काला लॉटरीचं नाव पडलं की असं होतं.

त्या एका कलमाचेही हाल कमी नाहीत. अर्जात घर नकाशावर टाचणी टोचून दाखवायचं असतं, कारण शाळेचं अंतर त्यावरून मोजतात. जनता वसाहतीतली घरं डोंगरउतारावर, एकाला एक लागून. टाचणी जरा सरकली की घर टेकडीच्या मधोमध जातं. पडताळणीत अंतर जुळलं नाही तर हातात आलेला प्रवेश जातो. ही टाचणी किती महत्त्वाची आहे हे अर्जावर कुठे ठळक लिहिलंय? मी आता टाचणी टोचण्याआधी माणसाला बाहेर नेऊन विचारते, पाण्याची टाकी तुमच्या कुठल्या हाताला. २०२४ मध्ये तर नियमच बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा किलोमीटरभरात असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असं फेब्रुवारीत निघालं आणि जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मधल्या काळात आईबाप मला विचारत होते आणि मी पेपर वाचून सांगत होते. ते काम माझं होतं का?

आता एक चांगली गोष्ट सांगते. 'निपुण' हा शब्द मलाही कळत नव्हता. शाळेच्या भिंतीवर रंगवलेला रोज बघायची. मग एकदा वाचनात आलं की २०२१ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचं ध्येय आकड्यात लिहिलेलं आहे: तिसरीच्या शेवटी मुलाने वयाला साजेसा मजकूर, समजून, मिनिटाला किमान ६० शब्द वाचावा आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. मार्चमध्ये सहकारनगरात धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी नातीला घेऊन आल्या. नात तिसरीत. तिच्या दप्तरातलं बालभारतीचं पुस्तक काढलं, न वाचलेला धडा उघडला, मोबाइलवर एक मिनिट लावलं. पोरगी बोट ठेवून वाचत होती. 'दृष्टी'पाशी अडली, 'आश्चर्य'पाशी मान वर करून आजीकडे बघितलं. मिनिट झालं तिथे पेन्सिलीने रेघ मारली, शब्द मोजले. ४२. मावशींना अक्षर येत नाही, पण ४२ आणि ६० मधला फरक त्यांना लगेच कळला. "म्हणजे अठरा कमी," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना तेच विचारून आल्या. भिंतीवर 'निपुण'च्या खाली ही एक ओळ रंगवायला कितीसा रंग लागला असता?

प्रगतिपुस्तकाचंही तसंच. 'आकारिक' आणि 'संकलित' हे शब्द २०१० पासून त्यावर आहेत. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात केलेलं तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, गृहपाठ. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. हे सांगायला मला दहा सेकंद लागतात. खाली ब-२ लिहिलेलं असतं. ते ६१ ते ७० टक्के, हे बापाला कुठून कळावं? तो विचारतो, "पास ना?" शिवाय 'आठवीपर्यंत नापास करत नाहीत' हे अजून घरोघरी ठाम आहे. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे, पुनर्परीक्षेतही मूल उत्तीर्ण झालं नाही तर ते त्याच वर्गात बसतं. हे पुष्कळांना निकालाच्या दिवशीच कळतं.

मी स्वतः शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका, म्हणून नंबर लागला. पहिल्या बैठकीत 'समग्र अंतर्गत संयुक्त शाळा अनुदान प्राप्त' असं वाचलं गेलं, आम्ही माना डोलावल्या आणि इतिवृत्तावर सह्या केल्या. इतिवृत्त म्हणजे बैठकीची लेखी नोंद, हेही मी घरी येऊन शोधलं. मग कळलं, समग्र म्हणजे सरकारची समग्र शिक्षा योजना, तिचं अनुदान पटावर ठरतं, २५१ ते १,००० मुलं असली तर निकषाप्रमाणे वर्षाला ७५,००० रुपये आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. पुढच्या बैठकीत मी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीचा विषय काढला. कडी बसली. कुणी भांडलं नाही, काही नाही. नुसता शब्द कळायचा होता.

'अपार' म्हणजे मुलाच्या शिक्षणाच्या नोंदी एकत्र ठेवणारा ओळख क्रमांक. त्याच्या संमतीपत्रावर तर लोक मेसेज पूर्ण न वाचता सही करतात. संमती मागितली आहे म्हणजे 'नाही' म्हणायचीही मोकळीक आहे, हे कागदावर मोठ्या अक्षरात असायला हवं.

तर मागणी एवढीच. शाळांना जाणाऱ्या ज्या परिपत्रकाचा पालकाशी संबंध असेल, त्याच्या खाली पालकांसाठी चार ओळी लिहून पाठवा: हे काय आहे, सक्तीचं आहे का, काय आणायचं, पैसे लागतात का. जोडीला त्याच मजकुराचा आवाजी मेसेज, म्हणजे वाचता न येणाऱ्या मावशी ऐकतील. माणसं बाहेरून आणायला नकोत. सेनापती बापट रस्त्यावर बालभारती आहे, सहा वर्षांच्या मुलाला कळेल असं मराठी तिथे वर्षानुवर्षं लिहिलं जातं. कुमठेकर रस्त्यावर एससीईआरटी, म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी एकदा त्यांच्या आईबापांसाठी लिहावं.

आणि मसुदा तयार झाला की छापण्याआधी माझ्या दुकानात पाठवा. काउंटरवर येईल त्याला वाचून दाखवीन, जिथे कपाळाला आठी पडेल तिथे लाल खूण करून परत पाठवीन. सोमवार सोडून रोज सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकान उघडं असतं. प्रिंटचे पैसे लावणार नाही.

आपली,
पर्वती पायथ्याची एक दुकानदार आणि सहावीतल्या मुलाची आई