संगणकाच्या परीक्षेला लेखनिक कशाला? मा. दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

साहेब,
स. न. वि. वि.

मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. जन्मापासून दिसत नाही. घरी कापूस आणि तूर. मी रोजच्या कामाला विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो, पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो, आणि हे पत्रही मीच टाइप केलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझा कुठलाही अर्ज हातात घेतला की बाबू पहिल्यांदा विचारतात, "कोणाकडून लिहून आणला?"

मध्यंतरी मी एका केंद्रावर संगणकाची परीक्षा दिली. मला लेखनिक, म्हणजे माझ्या वतीने लिहिणारा पोरगा, देण्यात आला. इतिहासाच्या पेपरला लेखनिक समजू शकतो. इथे प्रश्न होता, फाइल सेव्ह करून दाखवा, आणि माउस त्या पोराच्या हातात. मी म्हटलं, "कंट्रोल एस दाब." तो म्हणाला, "दादा, तसं नाई चालत, त्या चित्रावर क्लिक करा लागते." मशीनवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, नव्हता. मोफतचा आहे, पेनड्राइव्हवर आणलाय, टाकू का, असं मी विचारलं. उत्तर आलं, "मशीनले हात लावाचा नाई, वरून ऑर्डर नाई." मी पास झालो. त्या पोराला माझं अभिनंदन कळवायचं राहून गेलं.

वरून ऑर्डर आहे, साहेब. केंद्र सरकारची दिव्यांगांच्या लेखी परीक्षांची मार्गदर्शक तत्त्वं २९ ऑगस्ट २०१८ लाच निघाली होती. पेपर ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरात की संगणकावर द्यायचा, याची निवड शक्यतो उमेदवाराची. संगणकावर देणार असेल तर त्याला मशीन एक दिवस आधी तपासू द्यावं, म्हणजे सॉफ्टवेअरची काही अडचण असली तर दूर करता येईल, असंही त्यात होतं. तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, हे परीक्षा केंद्रवाल्यांना पाठ असतं. आदल्या दिवशी मशीन तपासायचं म्हटलं की ते माझ्याकडे असं वळतात, की न दिसताही कळतं.

आता लिनक्सबद्दल, कारण केंद्रांत मोफत स्क्रीन रीडर असावा, या माझ्या मागणीचा गाभा तिथे आहे. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की मेनू आल्यावर बीप वाजते. एस दाबायचं, एंटर मारायचा. तिथून इन्स्टॉलर बोलायला लागतो: भाषा, कीबोर्ड, डिस्कचे भाग, पासवर्ड, सगळं वाचून दाखवतो. काम संपवून मशीन पुन्हा सुरू झालं तरी आवाज कायम. शेजारी डोळस माणूस बसवावा लागत नाही. शहरात याचं अप्रूप वाटणार नाही. आमच्याकडे ज्या पोराला फॉरमॅट मारता येतो, तो पुण्याला कंपनीत लागलेला असतो आणि थेट पोळ्याला गावी येतो.

पुढचं काम ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर करतो. उबंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण), ऑल्ट आणि एस एकत्र दाबले की तो बोलू लागतो. डोळस नवशिक्यांना टर्मिनलची, म्हणजे हुकूम टाइप करून द्यायची, ती काळी खिडकी भीतीदायक वाटते. मला ती सगळ्यात सोयीची. अक्षरं लिहायची, अक्षरं परत येतात, मध्ये चित्र नाही की चिन्ह नाही. कानाला आणखी काय हवं?

कोड ऐकायची मात्र सवय लावावी लागते. विरामचिन्हं पूर्ण वाचायला सांगितली नाहीत तर कंस आणि कोलन गिळले जातात. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो, म्हणून ऑर्काला ते अंतरही बोलायला लावायचं: "चार स्पेस", "आठ स्पेस". एका क्लासचे सर फळ्याशी उभे राहून शिकवायचे, "हे बघा, ही ओळ इथे आत घेतली." आत म्हणजे किती, हे मला शेवटी ऑर्कानेच सांगितलं. सरांना दोष देत नाही. त्यांना हे कोणी शिकवलंच नव्हतं.

मी लिहिलेला पहिला कामाचा प्रोग्राम कापूस वेचाईचा. बाया किलोवर वेचतात, संध्याकाळी वजन होतं, आठवड्याला चुकारा. आई आकडे सांगते, मी टाकतो, प्रोग्राम प्रत्येकीचा हिशेब वाचून दाखवतो. एकदा भाच्याने मराठी कीबोर्डवरून ४७ टाकले. मला वाटलं, आता अडेल. अडला नाही. पायथन देवनागरी आकडे सरळ आकडे म्हणून घेतो. ज्या सरकारी फॉर्मवर मराठी आकडा टाकला की लाल अक्षरं येतात, ते बनवणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं.

आंधळ्या माणसाने कोड लिहिणं नवलाचं वाटत असेल तर टी. व्ही. रामन यांचं काम बघावं. पुण्याचे. चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. वाडिया कॉलेज, मग मुंबईचं आयआयटी, १९९४ मध्ये अमेरिकेत कॉर्नेलची पीएचडी. त्याच दशकात त्यांनी ईमॅक्स या कोड लिहायच्या एडिटरला बोलतं करणारं ईमॅकस्पीक लिहिलं आणि मोफत खुलं केलं. तरी अजून आमच्या पोरांना फार तर टेलिफोन ऑपरेटर हो, नाहीतर खुर्च्या विण, असाच सल्ला मिळतो.

विंडोजशी माझं वैर नाही. त्यावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे, तोही मोफत, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी उभा केलेला. जॉजसारखा महागडा स्क्रीन रीडर विकत घ्यायची गरज परीक्षा केंद्राला नाही. लिनक्सचेही दोष आहेत. मराठी वाचणारा ईस्पीक या प्रोग्रामचा आवाज यंत्रासारखा आहे, पहिले काही दिवस कान किटतात, आणि काही प्रोग्राम ऑर्काला दादच देत नाहीत. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. शाळा-कार्यालयांतली जी जुनी मशीनं विंडोज ११ घेत नाहीत, ती निर्लेखित होऊन खोलीत पडतील. त्यांतल्या चालू मशीनवर हलका लिनक्स आणि ऑर्का टाकला की अंध मुलाला शिकायला पुरे. खर्च हेडफोनचा. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्या भागात त्यातून कुकर आणि ब्लँकेटं वाटली जातात. कुकर वाईट नाही. पण आमच्या घरी आता तीन आहेत.

तेव्हा एकच मागणी. राज्याची मान्यता असलेल्या प्रत्येक संगणक प्रशिक्षण आणि परीक्षा केंद्रात एका तरी मशीनवर एनव्हीडीए किंवा ऑर्का असलाच पाहिजे, असा शासन निर्णय काढा. आदल्या दिवशी तपासणी आणि माउसशिवाय सोडवता येईल असा पेपर, हे दोन्ही त्यात स्पष्ट लिहा. लेखनिक ज्याला हवा त्याला मिळावा; माझ्यावर लादू नये. निर्णय न पाळणाऱ्या केंद्राची तक्रार कोणाकडे करायची, त्या अधिकाऱ्याचं पदही लिहा, नाहीतर "वरून ऑर्डर नाई" पुन्हा ऐकावं लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेची जबाबदारी शासनावर टाकलेलीच आहे, नवा कायदा करावा लागणार नाही.

आणि तो शासन निर्णय कृपया स्कॅन करून चढवू नका. स्कॅन म्हणजे फोटो, स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षर सापडत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेलाच टाका, तो मी माझा वाचेन आणि प्रिंट काढून केंद्रावर घेऊन जाईन.

आपला,
एक अंध संगणक वापरकर्ता
ता. दारव्हा, जि. यवतमाळ