पानं झाडाखालचीच घ्या की

संपादक, सप्रेम नमस्कार,

दिवाळी आली की तुमच्या पुरवणीत हाताने केलेल्या पणत्या, बाऊल, कप यांचे फोटो येतात, छानच असतात, पण एक गोष्ट खटकते म्हणून लिहितेय. नक्षी बघावी तर जिथे तिथे तेच मॉन्स्टेराचं पान (ते कुंडीतल्या परदेशी वेलाचं, कापलेलं, भोकाभोकांचं). मी दादरला एका क्लासला गेले होते तिथेही त्याचंच प्लास्टिकचं स्टेन्सिल हातात दिलं, आणि खिडकीबाहेर चांगला भलामोठा पिंपळ सळसळतोय! म्हटलं काय अर्थ आहे याला.

मग धारावीच्या कुंभारवाड्यातून माती आणली, घरीच पोळपाटावर पोळीसारखी लाटली (जाडसर, भाकरीएवढी), पिंपळाचं पान उलटं म्हणजे शिरा मातीकडे करून ठेवलं आणि वरून लाटणं फिरवलं. एकदाच फिरवायचं, दोनदा फिरवलं की पान सरकतं आणि ठसा डबल उठतो, हे दोन पोळ्या वाया घालवल्यावर कळलं. देठ धरून पान सोललं तर बारीकातली बारीक जाळी, शेवटची ती लांब शेंडीसुद्धा उतरलेली. भाजून आल्यावर गेरूसारख्या रंगाचं आयर्न ऑक्साईड पाण्यात कालवून वर फासलं, ओल्या स्पंजने पुसलं, रंग फक्त शिरांमधे राहिला. स्टेन्सिलने हे होईल का?

आणि प्रत्येक पानाचा स्वभाव वेगळा असतो. पारिजातकाचं पान खरखरीत, ठसाही तसाच खरखरीत येतो. आंब्याची मधली शीर जाड, ती खोल रुतते आणि माती वाळताना नेमका तिथेच तडा, आमचा एक ट्रे तसाच गेला. पावसाळ्यात तर वाळायलाच आठवडा लागतो, मी तुमच्याच पेपरखाली झाकून ठेवते.

हे काही माझं डोकं नाही. चीनमधे सोंग राजवटीत (960 ते 1279) जिझोउचे कुंभार चहाच्या काळ्या वाटीत खरंखुरं पान ठेवून भाजायचे, पान जळून जायचं पण त्याची पिवळट सावली झिलईत कायमची राहायची.

आपल्याकडे दसऱ्याला आपट्याची म्हणून पानं ओरबाडून विकतात, त्यातली बरीच कांचनाची असतात ते सोडा, पण दुसऱ्या दिवशी सोसायटीत ढीगभर झाडून कचऱ्यात जातात. तीच उचला, पाण्यात टाकली की बऱ्यापैकी सरळ होतात, दोन पाकळ्यांचं ते पान पणतीच्या काठावर फार गोड दिसतं, आणि दसरा ते दिवाळी वीस दिवस वाळवायला भाजायला पुरतात. झाडाची मात्र तोडू नका.

यंदा पुरवणीत अशी एखादी पणती छापा. फोटो मी पाठवते, फक्त समोरून फ्लॅश मारला की ठसा दिसतच नाही, बाजूने तिरपा उजेड लागतो, म्हणून संध्याकाळी गॅलरीत काढीन.

– एक वाचक, माहीम