नागपूरच्या महाल भागातल्या टेलरकाकांना

टेलरकाका, सादर नमस्कार.

मागच्या श्रावणात मी राखाडी पॅन्ट घेऊन तुमच्याकडे आलो होतो. कंबर सैल करून हवी होती. तुम्ही ती उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणालात, "याच्यात आता माया नाही उरली, बाबू. आतलं जादा कापड दोनदा सोडलं." मग फळीवरची जुनी वही काढलीत. माझ्या लग्नाच्या सुटाचं माप तिच्यात होतं. पुन्हा टेप लावून तुम्ही नवे आकडे शेजारी लिहिलेत. छाती तेवढीच, मांडी अर्धा इंच कमी, पोट मात्र ३३ चं साडेसदतीस.

"हातपाय वाळले अन् पोटच वाढलं. माह्या लहान भावाचं असंच होतं. एकोणचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेला. पयले डॉक्टरला दाखव, मंग कापड जोडून देतो."

मी चौतीस वर्षांचा, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६९ किलो. दोनच महिन्यांपूर्वी नोकरीच्या ठिकाणी तपासणी होऊन 'नॉर्मल' शेरा मिळाला होता. वजनकाट्यावर उभं केलं, पोटाला टेप कोणी लावलाच नाही. तुमच्या बोलण्यानं रात्रभर झोप लागली नाही, म्हणून गेलो.

डॉक्टरांनी शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरला, श्वास सोडायला सांगितला. ९५ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या पुढे धोका. उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २६२, चांगलं कोलेस्टेरॉल ३१, बीपी १३८/८८. या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माझे पाचही बिघडलेले. मानेच्या सोनोग्राफीत डाव्या धमनीच्या भिंतीवर चरबीचा लहानसा थरही दिसला.

या वयात? मी विचारलं. तेव्हा त्यांनी कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांबद्दल सांगितलं. सरासरी वय बावीस, आणि शवविच्छेदनात चारांपैकी तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा. १९५३ सालीच हे छापून आलं होतं. आणि काका, तुम्ही जे टेपानं पकडलंत ते पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवलं होतं. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली माणसं बारीक दिसतात आणि चरबी पोटात, यकृतात साठत जाते. तिथून ती रक्तात उतरते, इन्सुलिनचं काम बोथट होतं, आणि धमनीची भिंत आतून खराब होऊ लागते. दुखत काहीच नाही. म्हणूनच भीती वाटते.

तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. ते सगळ्यात अवघड गेलं. मिहानमधल्या कंपनीच्या रात्रपाळीत दोन वाजले की हात आपसूक खिशात जायचा, पन्नी चोळायला. आता खिशात फुटाणे असतात. पाळी संपली की झोपण्याआधी फुटाळा तलावावर पाऊण तास चालतो. तर्री पोहे रोज खायचो, आता रविवारीच. गोळी सुरू आहे आणि राहणार आहे, कारण तो थर काही गेलेला नाही. पण साखर ९७ वर आली, ट्रायग्लिसराइड १४८ वर.

माझी मुलगी तीन वर्षांची आहे. तुमच्या भावाचं नाव मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं. पॅन्ट शिवून दोनशे रुपये घ्यायचे सोडून तुम्ही गिऱ्हाइकाला परत पाठवलंत, आणि ते सांगताना तुमचा आवाज बसला होता, हे मी विसरलेलो नाही. मनापासून आभार, काका.

राखाडी पॅन्ट तशीच ठेवली आहे. कोजागिरी झाली की घेऊन येतो, शिवण आत घ्यायची आहे. वही काढून ठेवा, आणि भावाबद्दल सांगा.

तुमचा,
मिहानचा रात्रपाळीवाला