रामशेजचा वेढा राइडमध्ये आणा : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, स.न.वि.वि.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात सगळीकडे कामे काढली आहेत. ती धामधूम ओसरली की इथे 'गेमिंग पार्क' उभारायची कल्पना कुणाला ना कुणाला सुचणारच. म्हणून आधीच लिहितो. विरोध नाही, उलट मला असे पार्क हवेच आहे. नाशकात आलेला पाहुणा दर्शन घेतो, मिसळ खातो, द्राक्षबागेत फोटो काढतो. त्याच्याबरोबरच्या बारा वर्षांच्या पोराने काय करायचे, याचे उत्तर आपल्याकडे नाही.

मी नाशकातल्या अंबड औद्योगिक वसाहतीत ऑटोमेशनचे, म्हणजे यंत्रे आपोआप चालवायचे, काम करतो. सेन्सर, पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा संगणक), कन्व्हेअर यांतच दिवस जातो आणि घरी दोन गेमवेडी मुले आहेत. मॉलमधल्या व्हीआर (डोळ्यांवर चष्मा चढवून आभासी जग दाखवणाऱ्या) खुर्च्या त्यांनी बसून पाहिल्या. आधीच्या पोराच्या घामाने ओला झालेला पट्टा तसाच पुढच्याच्या डोक्यावर चढतो. डोळे सांगतात की आपण दरीत कोसळतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण जागेवरच आहोत. मग पोटात ढवळते. बरे, एवढे सोसून पोराने केलेले काय? काहीच नाही. बसवला, हलवला, उतरवला.

जपानमधल्या ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओत मार्च २०२१ मध्ये सुपर निन्टेन्डो वर्ल्ड हे व्हिडिओ गेमवर बेतलेले पार्क सुरू झाले. तिथली मारिओ या मिशीवाल्या गेमनायकाच्या 'मारिओ कार्ट'ची राइड तशी सावकाशच चालते. डोळ्यांपुढच्या काचेतून खऱ्या देखाव्यावर चित्रे उमटतात, बसणाऱ्याने नेम धरून (चित्रातले) कासवाचे कवच फेकायचे आणि गुण मिळवायचे. मनगटावर पॉवर-अप बँड घेतला असेल तर गुण ॲपमध्ये जमा होतात. मग मागचा आकडा मोडायला माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो. खरी गंमत त्या आकड्यात आहे, वेगात नाही.

म्हणून विनंती अशी, की मारिओसारखा दिसणारा कुणी मिशीवाला भिंतींवर रंगवू नका. आपल्याकडे रामशेज आहे.

पेठ रस्त्यावरचा हा छोटा गड. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि पुढची काही वर्षे तो हाती लागला नाही. मुघल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवले आहे की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. मावळ्यांनी लाकूड पोखरून त्यावर कातडे चढवले आणि त्याच तोफा डागल्या. मुघलांनी गडावर मारा करायला लाकडी दमदमा, म्हणजे उंच मचाण, उभारला. शेवटी तर सोन्याचा साप हाती घेतलेला मांत्रिक पुढे घातला, आणि वरून आलेल्या दगडाने मांत्रिक एकीकडे, साप दुसरीकडे! मुलांच्या भाषेत हा सरळ टॉवर डिफेन्स, म्हणजे चालून येणाऱ्या फौजेपासून गड राखायचा गेम आहे, आणि मांत्रिक म्हणजे शेवटचा बॉस, सगळ्यांत अवघड शत्रू. लेखक शोधायची गरज नाही.

राइड अशी असावी : बंद इमारतीत, अंधारातून जाणारी चार जणांची गाडी. समोर खऱ्या दगडांसारखा तट, त्यावर प्रोजेक्टरने चढणारी फौज. प्रत्येकाला एक बाजू राखायला दिलेली. एखादा काका नुसता मोबाइलवर शूटिंग करत बसला, की त्याच्याच बाजूने शिडी लागणार आणि गाडीतली पोरे त्याला सोडणार नाहीत. छप्पर असल्याने पावसाळ्यातले चार महिने वाया जाणार नाहीत, हेही पाहा.

हे आपल्याला झेपेल का? रुळाचे भाग पाडायचे, एका भागात एकच गाडी, पुढचा भाग मोकळा झाल्याशिवाय मागची हलणार नाही. मांडीवरचा दांडा बसल्याची खूण सेन्सरने दिली नाही तर गाडी सुटणारच नाही. अशी इंटरलॉक आम्ही कारखान्यांत रोज बसवतो. राइडला माणसे बसतात, त्यामुळे दुहेरी सेन्सर, प्रमाणपत्र आणि अनुभवी राइड-डिझायनर लागेलच. तो बाहेरून आणा. पण जोडणी आणि देखभाल सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे द्या. खेळाच्या बाजूलाही माणसे आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये पुराणकथांवर बेतलेला 'राजी' हा गेम काढला. २०२५ मध्ये राज्याने ॲनिमेशन-गेमिंगसाठी धोरणही मंजूर केले. ते पुणे-मुंबईपुरते राहू नये.

जागा फाळके स्मारकाची सुचवतो. दादासाहेब १८७० मध्ये त्र्यंबकला जन्मले, नाशकात चित्रपट काढले, आणि पडद्यावरच्या ट्रिक हीच त्यांची हातोटी. रामशेजवर मात्र एक वीटही चढवू नका. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी काय गर्दी होते ते आम्ही पाहतोच.

एका मुद्द्यावर तडजोड नको. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून पंचवीसहून अधिक माणसे गेली, त्यांत मुले होती. त्या जागेकडे अग्निशमन दलाची एनओसीसुद्धा नव्हती. तेव्हा निविदेतच लिहा : रोज सकाळी रिकामी गाडी फिरवून केलेल्या तपासणीचा कागद, तारीख आणि सहीसह, तिकीट खिडकीवर लावायचा. कागद नसेल त्या दिवशी तिकीट फाडायचे नाही. आणि उद्घाटनाच्या तारखेसाठी ही अट शिथिल करायची नाही, मग पाहुणे कितीही मोठे असोत.

कळावे,

आपला,
अंबडचा एक ऑटोमेशन तंत्रज्ञ
नाशिक