जहाजावरचा धूर आणि आपली पडवी

मुरगाव बंदर, गोवा
दि. १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

कुडाळचा जो मुलगा दुबईला आमच्या जहाजावर रुजू झाला, त्याच्या हाती पाठवलेले तुमचे पत्र मला मिळाले. बाळ घरी आल्यापासून वहिनीने पडवीत विडी ओढायला मनाई केली, दादाही त्यावर काही बोलला नाही, आणि आजोबांच्या काळापासून जिथे पानाच्या तबकाशेजारी विडीचे बंडल ठेवलेले असे, त्या पडवीतून या वयात तुम्हाला खळ्यात काढल्यासारखे झाले, असे तुम्ही लिहिले आहे. ते वाक्य मी तीनदा वाचले. उत्तर लिहायला दुबई सोडल्यावर बसलो आणि आज मुरगावला पोहोचल्यावर ते पुरे करीत आहे. इथून आपले घर तीन तासांच्या वाटेवर आहे, पण जहाज सकाळी लागले ते संध्याकाळी पाचला सुटणार आणि मला उतरायला मिळाले ते दोनच तास, त्यामुळे जे तुमच्यासमोर बसून बोलायचे ते कागदावर उतरवतो.

तुमच्या मनाला जे लागले ते मी सात महिने रोज परक्या माणसांच्या तोंडून ऐकत आलो आहे. आमच्या प्रवासी जहाजावर सातव्या डेकवरच्या, म्हणजे मजल्यावरच्या, अठरा केबिन साफ ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्यांपैकी बारा केबिनना बाल्कनी आहे. आमच्या जहाजावर केबिनमध्येही सिगारेट ओढता येत नाही आणि बाल्कनीतही नाही. वरच्या उघड्या डेकवर उजव्या बाजूचा एक कोपरा आणि कॅसिनोचा एक भाग एवढ्याच जागा त्यासाठी राखून ठेवलेल्या आहेत. नवे प्रवासी चढले की पहिल्या संध्याकाळी मला हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, ‘बाल्कनीचे जादा पैसे मी मोजले आहेत, मग तिथे मी काय करावे हे मला कोण सांगणार?’

हा प्रश्न उद्धटपणाचा आहे असे मला पूर्वी वाटे, आता तसे वाटत नाही. एक इंग्रज गृहस्थ आहेत, वयाने तुमच्याहूनही थोरले, चाळीस वर्षे जहाजाने फिरणारे. जेवणाच्या दालनात टेबलाटेबलावर रक्षापात्र असे, तो काळ त्यांनी पाहिला आहे. पुढे जेवणाचे दालन गेले, मग नाट्यगृह, मग केबिन, आणि शेवटी बाल्कनीही गेली. ही बाल्कनीबंदी तशी अलीकडची आहे. सहलीची जहाजे चालवणाऱ्या प्रिन्सेस कंपनीने ती जानेवारी २०१२ मध्ये लागू केली, रॉयल कॅरिबियनने जानेवारी २०१४ मध्ये आणि कार्निव्हलने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. ते गृहस्थ मला एकदा म्हणाले की नियम चुकीचा आहे असे त्यांचे म्हणणे नाही, पण प्रत्येक वेळी एक दार बंद झाले आणि एकदाही कोणी त्यांच्याशी बसून बोलले नाही. बाबा, तेव्हा तुमचे पत्र अजून आले नव्हते, पण ते आल्यावर मला पहिल्यांदा आठवले ते त्यांचेच शब्द.

आता दुसरी बाजूही मला तितक्याच मनापासून सांगायची आहे, कारण ती मी हाताने साफ केली आहे. जहाज चालत असताना वारा पुढून मागे वाहतो आणि बाल्कनीतला धूर सरळ समुद्रावर न जाता मागच्या बाल्कनीत शिरतो. मधली भिंत म्हणजे एक पातळ पडदी असते, वर-खाली मोकळेच. दम्याचा त्रास असलेली एक जर्मन बाई मला म्हणाली की तिने दार उघडून समुद्र पाहण्यासाठी दोन वर्षे पैसे साठवले आणि शेजारच्या केबिनमधले कोणी नियम मोडून ओढत असल्यामुळे चार दिवस तिला दार लावून बसावे लागले. तिनेही बाल्कनीचे तेवढेच जादा पैसे मोजले होते. शेजाऱ्याला कोणी तरी सांगावे एवढीच तिची मागणी होती, आणि ते सांगणारा कोणी तरी म्हणजे मी. मी गेलो, हात जोडून सांगितले आणि जे ऐकायचे ते ऐकून घेतले.

धुरापेक्षाही जहाजावरच्या माणसाच्या छातीत धस्स होते ते आगीच्या नावाने. घराला आग लागली तर माणूस खळ्यात पळतो, इथे चहूकडे पाणी. आमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात स्टार प्रिन्सेस या जहाजाची हकिगत सांगतात. २३ मार्च २००६ रोजी, ग्रँड केमनहून जमैकाकडे जाताना, पहाटे तीनच्या सुमारास एका बाल्कनीत आग लागली. जहाजावर अडीच हजारांहून अधिक प्रवासी झोपेत होते. बाल्कन्यांमधल्या पडद्या, खुर्च्या आणि जमिनीवरच्या फरश्या प्लास्टिकच्या जातीच्या असल्यामुळे अर्ध्या तासाच्या आत आग पाच डेकवर पसरली. एक प्रवासी दगावला आणि धूर छातीत गेल्यामुळे १३ जणांवर उपचार करावे लागले. ब्रिटिश तपासणी मंडळाने जो अहवाल दिला त्यात बहुधा कोणी तरी टाकलेले सिगारेटचे जळते थोटूकच कारणीभूत असावे असे म्हटले आहे. त्यानंतर जगभरच्या प्रवासी जहाजांसाठीचे नियम बदलले आणि जुलै २००८ पासून बाल्कनीतले सामान आग न पकडणारे असावे, नाही तर तिथे आग ओळखणारी आणि पाणी फवारणारी यंत्रे असावीत, असे बंधन आले.

ही हकिगत मी परीक्षेपुरती पाठ केली होती. ती मला खरी कळली नोव्हेंबरमध्ये. वरच्या डेकवरून कोणी तरी थोटूक समुद्रात म्हणून भिरकावले, वाऱ्याने ते आत ओढले आणि माझ्या एका केबिनच्या बाल्कनीत खुर्चीवर वाळत घातलेल्या टॉवेलवर येऊन पडले. मी सकाळी चादरी बदलायला गेलो तेव्हा टॉवेलला रुपयाएवढे भोक पडले होते आणि कडा अजून धुमसत होत्या. आत सहा वर्षांची मुलगी झोपली होती. तो टॉवेल पाण्यात बुडवताना माझे हात किती कापत होते हे मी आईला सांगितलेले नाही, तुम्हीही सांगू नका.

जहाजावरून काही बाहेर टाकू नये असे प्रत्येक सराव कवायतीत सांगतात. सिगारेटचा फिल्टर हा प्लास्टिकच्याच जातीचा, आणि समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने १९८८ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे. तरीही थोटके पडतातच.

नियम मोडणाऱ्यांचे प्रकार मी सगळे लिहीत नाही, पण एक सांगतो, कारण त्यातून मला काही कळले. मुंबईहून चढलेल्या एका मंडळींनी न्हाणीघरात सिगारेट ओढण्यासाठी धूर ओळखणाऱ्या यंत्रावर अंघोळीची टोपी चढवली आणि दाराखाली ओला टॉवेल लावला. आग लागली असती तर ते यंत्र मुकेच राहिले असते. मला ते दिसले आणि मला ते कळवावे लागले. त्यांच्या बिलात २५० डॉलर चढले. त्यांनी माझ्याशी मराठीतून जे शब्द वापरले ते मराठीतले म्हणूनच अधिक लागले. वरिष्ठांनीही ‘प्रवासी नाराज का झाले?’ असे मलाच विचारले, याचे मला अजून वाईट वाटते. पण राग ओसरल्यावर त्यांच्यातला थोरला भाऊ माझ्याकडे आला आणि म्हणाला की कोपऱ्यात जायला त्याची ना नव्हती, त्या कोपऱ्यात ना सावली होती ना बसायला जागा, उभ्याने ओढायचे म्हणजे चोरासारखे वाटते.

त्याचे म्हणणे खरे होते. ते मी सुपरवायझरला सांगितले, आणि मी एकटाच सांगणारा नव्हतो. महिन्याभरात त्या कोपऱ्यावर छत आले, वाऱ्याच्या बाजूला आडोसा आला, सहा खुर्च्या आणि वाळूचे रक्षापात्र आले. मी मोजमाप ठेवलेले नाही, पण माझ्या अठरा केबिनमध्ये तेव्हापासून धुराचा वास मला दोनदाच आला आहे, आणि आधी तो जवळजवळ दर सफरीत यायचा. ते इंग्रज गृहस्थ आता पहाटे साडेपाचला काठी टेकत वर जातात आणि त्यांच्या खुर्चीच्या शेजारी रोज तेच चार जण असतात, एक पोलिश ट्रकचालक, एक निवृत्त परिचारिका, पुण्याचे एक काका आणि त्यांची पत्नी, जी स्वतः ओढत नाही, फक्त चहा घेऊन सोबतीला बसते. त्या कोपऱ्याइतके बोलणे साऱ्या जहाजावर दुसरीकडे कुठे होत नसेल.

संपूर्ण बंदीचाही प्रयोग झालेला आहे. कार्निव्हलचे पॅराडाइज नावाचे जहाज १९९८ मध्ये निघाले तेच मुळी धूरमुक्त म्हणून. प्रवाशांना तसे लिहून द्यावे लागे आणि जो ओढताना सापडे त्याला २५० डॉलर दंड भरून पुढच्या बंदरात उतरावे लागे. काही प्रवाशांनी त्या जहाजाला अगदी डोक्यावर घेतले. पण २००४ मध्ये ते धोरण सोडून द्यावे लागले, आणि न ओढणारे प्रवासी बारमध्ये व कॅसिनोत कमी खर्च करतात हे त्याचे कारण त्या वेळी सांगितले गेले. मला त्यात आणखी एक दिसते. आठ जणांच्या कुटुंबात एक जरी ओढणारा असला तरी ते आठही जण दुसरे जहाज धरतात, कारण त्याला एकट्याला मागे ठेवून कोणाला सहलीला जायचे नसते.

कॅसिनोचे मात्र मला पटत नाही आणि ते मी कोणासमोरही बोलून दाखवीन. तिथे पत्ते वाटणारी म्हापशाची एक मुलगी आमच्या मेसमध्ये जेवायला बसते. प्रवाशाला धूर नको असेल तर तो उठून जाऊ शकतो, तिला रात्रीचे दोन वाजेपर्यंत तिथेच उभे राहावे लागते. हवा खेचणारे पंखे लावले आहेत, पण बंद जागेत पंख्यांनी हा धोका जात नाही आणि दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी मात्राच नसते, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांच्या, अहवालात २००६ सालीच सांगून झाले आहे. प्रवाशांच्या तक्रारींची पेटी असते, तिची तक्रार टाकायला पेटी नाही.

आज गोव्यात उतरलेल्या प्रवाशांचे वेगळेच. गोवा म्हणजे सगळे चालते अशी समजूत करून आलेले, आणि बंदराच्या दारातच टॅक्सीवाल्याने त्यांना सिगारेट विझवायला सांगितली. ते चकित झाले. गोव्याने धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध आपला स्वतंत्र कायदा १९९७ मध्येच केला आणि त्यासाठी पणजीचे शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य यांनी जीव ओतून काम केले, हे मला वास्कोच्या सोबत्याने सांगितले. साऱ्या देशात सार्वजनिक ठिकाणी बंदी आली ती त्यानंतर अकरा वर्षांनी, २ ऑक्टोबर २००८ पासून. विजेवरची सिगारेट तर आपल्याकडे २०१९ पासून बेकायदा असल्यामुळे ती जहाजावरच ठेवून उतरा, अशी सूचना आम्ही आदल्या रात्री प्रत्येक केबिनमध्ये ठेवली होती. तिच्यावरूनही दोघांनी मला दारात थांबवून वाद घातला.

बाबा, तुम्ही कोकण सेवक बोटीच्या डेकवर रात्रभर विडी ओढत मुंबईहून येत होता, बोट लागू नये म्हणून, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितले आहे. तो डेक उघडा होता आणि तुमच्या मांडीवर तेव्हा तान्हे मूल नव्हते. पडवीला वरून कौले आहेत, एका बाजूने भिंत आहे आणि आत माजघरात बाळ झोपते. ओढणाऱ्याची केबिन आम्ही साफ करतो तेव्हा पडदे उतरवून धुवायला पाठवावे लागतात, गालिचा दोनदा धुवावा लागतो, वास काढायला ओझोनचे यंत्र लावून खोली काही तास बंद ठेवावी लागते, आणि तरीही उशीत वास राहतो. म्हणून वहिनीचे म्हणणे मला बरोबर वाटते. तिने ते कसे सांगितले हे मला माहीत नाही. तुम्हाला लागेल असे सांगितले असेल तर त्याबद्दल मी दादाशी आजच फोनवर बोललो आहे, आणि तो स्वतः तुमच्याजवळ येऊन बसेल.

दादाकडे मी थोडे पैसे पाठवले आहेत. खळ्याच्या टोकाला फणसाखाली चार पोफळीचे खांब घालून वर कौले चढवून घ्यावीत, पावसाच्या बाजूला झडप लावावी, आणि पडवीतली तुमची आरामखुर्ची तिथे न्यावी, तबकासकट. शेजारी आणखी दोन खुर्च्या ठेवायला सांगितले आहे, कारण समोरचे तात्या संध्याकाळी येतातच. बाळाला घेण्यापूर्वी तेवढे हात धुवून उपरणे बदलत जा. विडी सोडा असे मी या पत्रात लिहिलेले नाही, पण तुमच्या खोकल्याबद्दल आईने फोनवर जे सांगितले ते माझ्या मनात आहे, आणि एप्रिलमध्ये घरी येईन तेव्हा त्या नव्या कौलांखाली बसून ते बोलेन.

वास्कोच्या सोबत्याची रजा आजपासून सुरू होत आहे. तो उद्या सावंतवाडीला मामाकडे जाणार आहे आणि हे पत्र तो तुमच्या हाती देईल. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका.

आईस साष्टांग नमस्कार. बाळास अनेक आशीर्वाद.

तुमचा
धाकटा